मेलेल्यांच्या नावावरच्या जमिनी

(जमीन हक्क शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेले भाषण. जे साथी भट्टीवर होते, ज्यांना येता आले नाही, त्यांनी मागितले म्हणून लिहून काढले. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



काल दिवसभर आपण शेठ, सावकार, दलाल आणि जंगल खातं यांच्यावर बोललो. बोलायला जोर येत होता, घोषणाही झाल्या. आज आम्हाला घरातलं बोलायला सांगितलं आहे. घरातलं बोलताना घोषणा होत नाहीत. कोणाला राग आला तर जेवणाच्या वेळी येऊन शिव्या द्या, पण आधी ऐकून घ्या.

पहिलं एक काम करू. ज्यांच्या पिशवीत सातबारा आहे त्यांनी तो बाहेर काढा. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराला द्या. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा. आता ज्याचं नाव आहे तो माणूस मेलेला आहे, त्यांनी हात वर करा.

(निम्म्याहून जास्त हात वर झाले. एका काकांनी दोन्ही हात वर केले, कारण त्यांच्याकडे दोन सातबारे होते.)

बघा. आपण म्हणतो आपली जमीन. कागद म्हणतो मेलेल्यांची जमीन. आपण विचार करतो, भावाभावात भांडण नाही, जो तो आपला तुकडा कसतो, मग तलाठ्याच्या दारात कशाला जायचं? तिथे गेलं की 'उद्या या' म्हणतात, बाजाराचा दिवस फुकट जातो. म्हणून आजा मरतो, त्याचं दिवसकार्य होतं, आणि नाव तसंच राहतं. मग बाप मरतो. मग आपण भट्टीवर, रेतीवर जगायला जातो. आणि एक दिवस कळतं की जमीन विकली गेली, आणि विकणारा आपल्याच घरातला निघतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या घरचं सांगतो.

आमचा आजा कूळ होता. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक झाला असं कायद्याने मानलं. आजाने हप्ते भरले आणि ३२-म चं सर्टिफिकेट घेतलं. ते सर्टिफिकेट आमच्या आजीने पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं होतं. घर दोनदा शाकारलं, डबा कधी भिजू दिला नाही. दोन एकर दहा गुंठे भाताची आणि वर टेकाडाला तीन एकर वरकस, नागली-वरीची.

आजा गेला तो ऐन आवणीत. त्याला दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे आमचा मोठा काका, आमचा बाप आणि आत्या. मोठा काका बोलका, बाजारात ओळखीचा. तो चावडीवर गेला आणि नाव लावून आला. एकट्याचं. नावापुढे तीन अक्षरं लिहिली होती, 'ए.कु.मॅ.'. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आम्ही बारावी झालो तरी या अक्षरांचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता, संघटनेत आल्यावर कळला. अर्थ असा की हा एकटा मालक नाही, सगळ्यांच्या वतीने नाव लावलं आहे. सगळे कोण, ते मात्र कागदावर नाही.

पुढे मोठा काका भिवंडीकडच्या एका भट्टीवर मेला. मग चुलत भावांची नावं लागली. या वेळी ती तीन अक्षरंही गळाली. आमचा बाप आणि आत्या कागदावर आधीही नव्हते आणि आता तर त्यांचा मागही राहिला नाही.

इथे थोडं थांबून कायदा बघू. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. तोंडी कळवलं तरी चालतं. आणि कळवल्याची लेखी पोच तलाठ्याने लगेच द्यायची असते. ही पोच आपण कधी मागत नाही. मागा. मग कलम १५०. तलाठी फेरफार वहीत नोंद करतो, तिची प्रत चावडीवर लावतो, आणि ज्यांचा संबंध आहे असं कागदावरून दिसतं त्यांना नोटीस देतो. पंधरा दिवसांत हरकत आली तर वादाच्या वहीत जातं, नाही आली तर वरचा अधिकारी सही करतो, नोंद पक्की.

आता नीट ऐका. नोटीस कोणाला? ज्याचा संबंध 'कागदावरून' दिसतो त्याला. आमच्या बापाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला नोटीस आली नाही यात कोणी बेकायदा वागलं असं दाखवायलाही आमच्याकडे काही नव्हतं. चावडीवर प्रत लावली असेलही. त्या वेळी आम्ही सगळे भट्टीवर होतो. चावडीवर कागद वाचायला पाड्यावर होती फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

मग चुलत भावाची बायको आजारी पडली. तो दारुडा नाही, वाईट माणूस नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण जमीन फुंकणारा दारुडाच असतो असं आपण समजतो. दवाखान्याला पैसे हवे होते. दलालाने दिले. आधी थोडे, मग थोडे. मग स्टँपपेपरवर साठेखत आणि एक मुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने याने सही केली तरी चालेल असा कागद. दोन्हीवर अंगठा. घेणारा आदिवासी नाही. मार्च महिन्यात सिमेंटचे खांब घेऊन टेंपो आला तेव्हा आम्हाला कळलं.

तुम्ही म्हणाल, आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेताच येत नाही, कायदा आहे. खरं आहे. ६ जुलै १९७४ पासून कलम ३६-अ आहे. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा, काहीही करायचं तर कलेक्टरची आधी मंजुरी लागते. पाच वर्षांपेक्षा जास्त गहाण-पट्टा किंवा विक्री असेल तर वर सरकारची संमतीही. आणि गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कोणी आदिवासी तयार नाही, अशी कलेक्टरची खात्री झाल्याशिवाय मंजुरी नाही. त्याच्या आधीच्या व्यवहारांसाठी, म्हणजे १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये गेलेल्या जमिनींसाठी, जमिनी परत करण्याचा वेगळा कायदा आहे. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली दोन्ही कायदे योग्य ठरवले. परत करण्याच्या कायद्यात एक गंमत आहे. त्यात कलेक्टरपुढे वकिलाला उभंच राहता येत नाही. शेठचा वकील नको म्हणून ती तजवीज. तिथे आपणच बोलायचं.

कायदा चांगला आहे. पण कायदा ज्याची जमीन त्याच्या नावाने चालतो. कागदावर ज्याचं नाव आहे त्यानेच अंगठा दिला असेल आणि तो घाबरून गप्प बसला असेल, तर बाकीच्यांना पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही कोण?' आम्हाला हाच प्रश्न आला. जमीन परत मिळाल्याचा हुकूम झाला, पण मूळ माणूस मेला आणि वारसांची नावं नाहीत म्हणून ताबा मिळाला नाही, असंही आपल्या भागात आम्ही बघितलं आहे. हुकूम कपाटात, जमीन शेठकडे.

आता आमची चूक सांगतो.

खांब आले त्या दिवशी ते उतरवू दिले नाहीत आत्याने. नवरा मेल्यावर दोन मुली घेऊन ती माहेरी आली. चौदा वर्षं झाली, टेकाडावरची नागली तीच करते. राब भाजणं, पेरणं, राखणं, सगळं. ती जाऊन खड्ड्यात बसली. टेंपोवाला कंटाळून परत गेला. आम्ही धावत पोचलो तोवर काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहायला बसलो. घरात बारावी झालेले आम्हीच, अक्षर चांगलं. विषय लिहिला, गट नंबर लिहिला, मयत आजाचे वारस म्हणून नावं लिहिली. मोठ्या काकाचे मुलगे आणि आमचा बाप. वाचून दाखवला. बाप म्हणाला, बरोबर आहे. आत्या चुलीजवळ होती. तिने विचारलं, "माझं नाव कितव्या ओळीत आहे रे?"

आम्ही कागद उलटा केला, सुलटा केला. ओळच नव्हती. जी जमीन राखत होती तिचंच नाव आम्ही घातलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं घालू नका म्हणून. आम्हाला सुचलंच नाही. शिबिरात आम्ही स्त्री-पुरुष समानतेवर दोनदा बोललो होतो, हेही सांगून टाकतो.

बाप म्हणाला, "तिला काय कमी आहे? आम्ही जेवतो तेच ती जेवते." आत्या काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

मुलींच्या नावाबद्दल कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, पण त्याच्या कलम २ मध्येच लिहिलं आहे की केंद्र सरकारने वेगळं जाहीर केल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून आपल्यात रूढी चालते. आणि रूढी म्हणजे काय, ते सांगणारे पुरुष. प्रत्यक्षात एका सजात मुलींची नावं लागतात, शेजारच्या सजात लागत नाहीत. बिहारात हो जमातीच्या बाईने सुप्रीम कोर्टात दाद मागितली होती. १९९६ साली निकाल लागला. कोर्टाने रूढी मोडली नाही, पण बाई त्या जमिनीवर जगत असेल तोवर तिला तिथून काढता येणार नाही, एवढं मान्य केलं. तेवढं तरी आपल्या हातात आहे. आणि घरातल्या सगळ्या पुरुषांनी जबाबात लिहून दिलं की ही बहीण आमच्याबरोबर वारस आहे, तर तलाठ्याने कशाला अडवावं? अडवणूक बहुतेक वेळा घरातूनच होते.

जाणत्या माणसांची भीती आम्हाला माहीत आहे. काल रात्री शेकोटीजवळ एक काका हेच म्हणाले, पोरीचं नाव लावलं तर जावई जमीन नेईल, आणि जावई बिगर आदिवासी निघाला तर संपलंच. ही भीती खोटी नाही. आदिवासी बाई ठेवून तिच्या नावावर जमिनी घेणारे आपण बघितले आहेत. आपल्या गड्याच्या, वॉचमनच्या नावावर जमीन घेणारे शेठही बघितले आहेत. पण मुलीचं नाव लागलं म्हणून जावई मालक होत नाही. तिच्याकडून बिगर आदिवासी नवऱ्याच्या नावावर जमीन जायची तर तिथेही ३६-अ आडवं येतं. आणि काका, आजवर संघटनेकडे जमीन गेल्याची जी प्रकरणं आली त्यांचे कागद आम्ही चाळले आहेत. अंगठे भावांचे आहेत, पुतण्यांचे आहेत. बहिणींचा अंगठा दिसतो तो एकाच कागदावर, हक्कसोडपत्रावर. त्या भीतीवर इलाज म्हणजे सगळ्यांची नावं असणं. पाच नावं असली तर दलालाला पाच अंगठे गोळा करावे लागतात, आणि त्यातली एखादी आत्या खड्ड्यात बसते.

आम्ही दुसरा अर्ज लिहिला. आत्याचं नाव बापाच्या खालच्या ओळीत. बाप दोन महिने आमच्याशी धड बोलला नाही. मग जबाबाच्या दिवशी स्वतः आला आणि अंगठा दिला. का दिला ते अजून सांगितलेलं नाही.

आता कामाचं. घरोघरी काय करायचं ते.

मरणाचा दाखला. माणूस जिथे मेला तिथे मरणाची नोंद होते, आपल्या गावात नाही. आमचा मोठा काका भिवंडीकडे मेला, दाखला तिकडच्या ग्रामपंचायतीतून आणावा लागला. म्हणून भट्टीवर कोणी गेलं तर रडारडीत हे विसरू नका, तिथेच नोंद करून निघा. एक वर्ष उलटून गेलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, मग हेलपाटे.

नावं. आपली खरी अडचण ही आहे. सातबाऱ्यावर जान्या, रेशनकार्डावर जानू, मतदार यादीत जानकर, शाळेच्या दाखल्यात जनार्दन. गुरुजींना जे नाव आवडलं ते त्यांनी घातलं. कागदाच्या लेखी ही चार माणसं आहेत. हे चारही एकच, असं प्रतिज्ञापत्र माणूस जिता असताना करून ठेवा. मेल्यावर तो कोण होता हे सांगायला त्याला आणता येत नाही.

बायको. आपल्यात दोघं एकत्र नांदतात, पोरं होतात, लग्न पैसे जमतील तेव्हा लावतात. आपल्याला त्यात लाज नाही. पण नवरा मेला की दीर म्हणतो, 'हिचं लग्न कुठे लागलं होतं?' रेशनकार्डात, मतदार यादीत नवऱ्याचं नाव लागलेलं असू द्या. पाड्यातल्या पाच जाणत्यांचा जबाब घ्या. दोन बायका असतील तर दोघींची आणि दोघींच्या पोरांची नावं द्या. आज लपवलं तर उद्या तेच भांडण दलाल विकत घेतो. पोरं लहान असली तरी त्यांची नावं लागतात, पुढे अ.पा.क. म्हणून आईचं नाव लिहितात.

वाटप. म्हातारा शहाणा आणि चालता आहे तोवर सगळ्यांना बसवून वाटप ठरवा. नुसतं बांध दाखवून नाही. सगळ्यांच्या संमतीने तहसीलदाराकडे कलम ८५ खाली अर्ज करता येतो. आमच्या आजाने एवढं केलं असतं तर आज आम्ही इथे दुसरं काहीतरी बोलत असतो. कूळकायद्याची जमीन असेल तर कोणाला काही द्यायच्या आधी विचारा, तिच्यावर शर्त असते.

मृत्युपत्राबद्दल दोन जणांनी विचारलं. घरातल्या माणसासाठी, सगळ्यांना सांगून केलं तर वाईट नाही. पण आपल्याकडे म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणारा, फळं आणणारा अचानक कोणी उगवतो आणि मग असा कागद निघतो. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, साठेखत, हक्कसोड, कोऱ्या स्टँपवर तर कधीच नाही, पण लिहिलेल्यावरही पाड्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. इसार घेतला असेल तर लपवू नका. आमचा चुलत भाऊ पहिल्याच हप्त्याला आमच्याकडे आला असता तर आम्ही वर्गणी काढली असती. तो आला नाही, कारण आम्ही त्याला रागवू अशी त्याला भीती होती. तीही खरी होती.

जंगल प्लॉटवाल्यांचं वेगळं. त्यांच्याकडे सातबाराच नाही. २७ डिसेंबर १९७८ चा सरकारी निर्णय १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ मधल्या अतिक्रमणांचा आहे. दंडाच्या जुन्या पावत्या हा पुरावा, आणि त्यांच्यावर नाव बापाचं. पावती आणि बापाचा मरणाचा दाखला एकत्र ठेवा. पावती आहे पण आपण त्याचे मुलगे हे दाखवता येत नाही, असं व्हायला नको.

वकिलाचं. नोंद चुकीची झाली तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. साठ दिवस गेले असतील तर उशीर का झाला ते लिहून माफी मागायची. भट्टीवर होतो हे कारण लाजू नका, लिहा. कोर्टात जावं लागलं तर ९ नोव्हेंबर १९९५ पासून विधी सेवा कायदा लागू आहे. त्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बाई असेल तर ती बाई म्हणूनही पात्र. अर्ज तालुक्याच्या कोर्टात. फुकटचा वकील कामाचा नसतो असं म्हणतात. काही नसतात. पण कागद पूर्ण घेऊन गेलात तर कसलाही वकील थोडा सुधारतो, हा आमचा अनुभव आहे.

ग्रामसभा. २४ डिसेंबर १९९६ च्या केंद्राच्या कायद्याने आपल्या अनुसूचित क्षेत्रात जमीन जाऊ न देण्याचं आणि गेलेली परत मिळवण्याचं बळ ग्रामसभेला आणि पंचायतीला द्यायचं ठरवलं आहे. हे बळ वापरायचं कसं यावर पुष्कळ चर्चा होते. आमचं म्हणणं साधं आहे. तलाठ्याला बोलवा आणि सगळे सातबारे मोठ्याने वाचायला लावा. जो मेला आहे त्याच्या नावाला लोक 'मेला' म्हणतील, एक पोरगा वहीत लिहील. आमच्या पाड्यावर हे केलं. सुरुवातीला लोक हसत होते. 'मेला, मेला, मेला' असं चाललं होतं. अर्ध्या तासाने कोणी हसेना.

आमची केस प्रांताकडे आहे. खांब अजून टेकाडाखाली पडले आहेत, त्यावर पोरं बसतात. चुलत भावाने जबाब दिला की मुखत्यारपत्रात काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवलं नव्हतं. पुढच्या तारखेला आत्याचा जबाब आहे. ती आम्हाला म्हणाली आहे, तू बाहेर उभा राहा, मी बोलीन.

दुपारी दोन वाजता वडाखाली बसू. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी सातबारा घेऊन यायचं. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, आमच्यासुद्धा. झेरॉक्स आणा. आणि घरातल्या बाईला बरोबर आणा, वारसांची यादी सांगताना तिच्या जास्त लक्षात असते.